थोरलीची चाकं

टेम्पोतून चार चाकं उतरली तेव्हा मोठ्या वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. दातांत धरलेला चिमटा दातांतच राहिला. खाली त्यांचे यजमान, म्हणजे घरातले दादा, एकेक चाक छातीशी धरून असे ठेवत होते, जणू झोपलेलं मूल एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करताहेत. चाकं चंदेरी होती, पाच पाकळ्यांची, आणि त्यांवर नवेकोरे टायरही चढवलेले होते.

वहिनींना आधी वाटलं, कुणा गिऱ्हाइकाची असतील. मग दादांनी ती नेऊन थोरलीच्या शेजारी ओळीनं उभी केली.

थोरली म्हणजे गाडी. घरात दादांच्याही आधी आली, म्हणून दादांच्या वडिलांनी, अप्पांनी, तिला थोरली केलं आणि दादा जन्मभर दोन नंबरचे राहिले. घराच्या पुढच्या भागात शिवणकामाचं दुकान, आणि दुकान न् फाटक यांच्यामध्ये पत्र्याखाली थोरली. ती जागा दादांना हवी होती. मोठं कटिंग टेबल टाकायचं होतं. गेल्या वर्षी त्यांनी गाडी काढायचा विषय काढला, तेव्हा धाकट्या भावाची बायको, जिला घरात सगळे धाकटीच म्हणत, पोटुशी होती. ती एरवी आवाज चढवणारी नव्हे. त्या दिवशी म्हणाली, "माईंनी किल्ली माझ्या हातात दिलीय. विकायची तर माझ्याकडून मागून घ्या." माई, म्हणजे सासूबाई, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दादा ताटावरून उठले होते. तेव्हापासून दोघांचं बोलणं भिंतीमार्फत चालायचं. "कुणीतरी धाकटीला सांगा, फाटक उघडं राहिलंय." "वहिनी, दादांना सांगाल का, इस्त्री चालूच आहे."

आणि आज हा माणूस त्याच गाडीसाठी चाकं घेऊन आला होता.

वहिनींनी चिमटा काढला आणि ओल्या हातांनीच जिना उतरल्या.

*

गरज तर होतीच. आठवड्यापूर्वी गॅरेजवाल्यानं थोरलीची चाकं काढून दाखवली होती. दोन रिमांना नटांच्या भोकांभोवती केसांसारख्या चिरा गेल्या होत्या, बाकीच्या गंजून पापुद्र्यासारख्या सुटत होत्या. या चाकांवर रस्त्यावर जाऊ नका, त्यानं स्पष्ट सांगितलं. आणि तशा रिमा कंपनीनं करणं कधीच बंद केलं होतं.

उद्या सोमवार. धाकटीचं काम उद्या सुरू व्हायचं होतं. ती परिचारिका. बाळ व्हायच्या आधी ती शहराबाहेरच्या वस्त्यांवर घरोघर जाऊन बाळंतिणी आणि तान्ही मुलं तपासायची. आता तीच जागा पुन्हा मिळत होती. अट एकच, स्वतःची गाडी हवी, कारण त्या वस्त्यांकडे बस जात नाही. उद्या गाडीनिशी हजर झाली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती. धाकटीनं हे घरात एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता, खाली मान घालून. वहिनींना वाटत होतं, ते फक्त आपणच ऐकलं.

दादा अंगणात सगळ्यांना दाखवत होते. बोलणं धाकटीशीच होतं, पण तोंड गाडीकडे. त्यांनी म्हणे मागच्या रविवारी, सगळे दुपारचे झोपलेले असताना, एक चाक काढून मापं घेतली. टायरचा आकार घेतला, मधल्या मोठ्या भोकाची रुंदी घेतली, चाक आत किती खोल बसतं ते घेतलं, समोरासमोरच्या नटभोकांमधलं अंतर घेतलं. तेही दोनदा. मग जुन्या सामानाच्या बाजारात आकडे सांगून ही निवडली. जुनं चाक बरोबर नेलं असतं तर सोपं गेलं असतं, हे त्यांनाही कळत होतं. पण मग गाडी विटांवर दिसली असती आणि गंमत गेली असती.

"गंमत," वहिनी मनात म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं आपल्याला कधी गंमत केली नाही. पण राग येईना. दादांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या फक्त खूप आनंदातच व्हायच्या.

"बसव रे," दादा धाकट्याला म्हणाले. "जॅक लाव."

*

धाकटा छापखान्यात होता. चार रंगांचे चार ठसे एकावर एक पडायचे, आणि एखादा केसभर सरकला की चित्रातल्या बाईला दोन ओठ दिसायचे. केसभर म्हणजे किती, हे त्याच्या डोळ्यांना नोकरीनं शिकवलं होतं. म्हणूनच चाक उचलून बोल्टांवर धरल्याबरोबर त्याला कळलं.

वरचा बोल्ट आत गेला. खालच्याशी अडलं. त्यानं चाक जरा हलवलं, खालचा गेला, वरचा अडला.

"नवं आहे, घट्टच असणार," दादा म्हणाले. "दाब."

धाकट्यानं गुडघा लावून दाबलं. चाक कुरकुरत बसलं. पहिले दोन नट बोटांनी फिरले. तिसरा अर्ध्यावर थांबला. चौथ्याला दादांनी स्वतः पाना लावला आणि त्यावर पाय देऊन उभे राहिले. नट गेला. पण धाकट्याला दिसलं, तो सरळ गेला नव्हता. टोपी एका भुवईवर ओढून बसलेल्या माणसासारखा तो तिरका बसला होता.

त्यानं भावाकडे पाहिलं. दादा घामानं निथळत हसत होते. शेवटचं असं हसताना त्यानं त्यांना कधी पाहिलं होतं? माई होत्या तेव्हा. धाकट्यानं मान खाली घातली आणि पाना पुसायला घेतला.

आमच्या घराचा हा रोगच आहे, त्याच्या मनात आलं. पायजमा लांब झाला तर आम्ही दुमडतो, आखूड झाला तर मोजे चढवतो, पण शिवणाऱ्याला सांगत नाही.

पत्र्याच्या कडेला खुर्ची टाकून अप्पा बसले होते. त्यांना दुरून फारसं दिसत नसे. "बसलं का?" त्यांनी विचारलं.

"बसलं, अप्पा," दादा म्हणाले.

बाळाला खांद्यावर घेऊन धाकटी पुढे आली. तिनं मोकळ्या हातानं अधांतरी चाकाला एक फिरकी दिली. चंदेरी पाकळ्या छान फिरल्या, पण टायरची कड एकदा आत, एकदा बाहेर, अशी हेलकावत राहिली. चाक थांबेपर्यंत ती बघत होती. मग तिनं दादांकडे पाहिलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा दादांनीही तिच्याकडे सरळ पाहिलं.

"छान आहेत, दादा," ती म्हणाली. "बाळाला भूक लागलीय, आलेच." आणि ती आत गेली.

*

आत धाकटीनं बाळाला पाजायला घेतलं खरं, पण लक्ष त्या हेलकावणाऱ्या कडेवरच होतं. उद्या या चाकांवर वस्तीच्या चढावर जायचं. एखादा तिरका नट सुटला तर? आणि नाही म्हणायचं तर कसं? वर्षानं एक दार किलकिलं झालं होतं, ते पहिल्याच दिवशी त्याच माणसाच्या तोंडावर कसं लावायचं?

वहिनी आल्या आणि दार लोटून पलंगाच्या कडेवर बसल्या.

"बसलं नाहीये ना ते?"

धाकटीनं मान हलवली.

"मला वाटलंच. भावजी पाना पुसतच बसले, तेव्हाच." वहिनींनी बाळाचा पाय धरला आणि अंगठा चोळत राहिल्या. त्यांचा हिशेब साधा होता. त्यांनी सांगितलं तर बायकोनं चारचौघांत कमीपणा आणला असं होणार. धाकटीनं सांगितलं तर भिंत पुन्हा उभी. भावजी तर सांगणारच नाहीत. "पण एक मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "माप चुकेल कसं? यांचं माप? उभ्या आयुष्यात एक सदरा परत आला नाही. अप्पांच्याच टेपेनं मोजलं त्यांनी, टेप घेऊन गाडीकडे जाताना मी पाहिलं ना. मला वाटलं, सीटला कव्हर शिवताहेत."

"अप्पांच्या टेपेनं?"

"दुसऱ्या टेपेला हात लावतात का ते?"

धाकटीनं बाळाला अंगापासून जरा दूर धरलं आणि त्याच्या लांबीकडे असं पाहिलं, की वहिनी दचकल्या.

दर महिन्याला ती बाळाला घरी मोजायची, दुकानातल्या खिळ्यावरची तीच टेप आणून. आणि दवाखान्यात लाकडी फळीवर मोजलं, की बाळ नेहमी बोटभर जास्त भरायचं. घरी बाळ पाय आखडतं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या आयांना ती हेच सांगायची, घरच्या मापावर जाऊ नका, मुलं वळवळतात. पण मागच्या खेपेला बाळ गाढ झोपेत होतं. तेव्हाही कमीच भरलं, आणि ती दोन रात्री काळजीनं जागली होती.

"वहिनी, तुमच्या लेकीच्या कंपासपेटीत स्टीलची पट्टी आहे ना?"

वहिनी पट्टी घेऊन आल्या आणि येताना दुकानातून टेपही. दोघींनी चादर ताणून त्यावर पट्टी ठेवली आणि टेप शेजारी लावली. शून्याला शून्य. पट्टीचे तीस संपले, तिथे टेप साडेएकोणतीसलाही पोचली नव्हती.

वहिनींनी टेप पुन्हा लावली. मग उलटी करून लावली. मग तोंडावर हात ठेवला.

"लांबलीय," धाकटी म्हणाली. "रोज ओढून ओढून कापड सैलावलं. टेपेवर आकडा कमी दिसतो आणि वस्तू खरी मोठी असते."

"मग इतक्या लोकांचे कपडे?"

"त्याच टेपेनं अंग मोजायचं, त्याच टेपेनं कापायचं. दोन्हीकडे सारखीच चूक. कळणार कसं? घरातल्या घरात सगळं बरोबर. दादा पहिल्यांदाच आकडा घेऊन बाहेर गेले."

बाळ मध्येच दूध सोडून हसलं. दोघी हसल्या नाहीत. वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "अप्पांना कळू द्यायचं नाही हं. टेपेचं नाही." मग दार उघडून हाक मारली, "अहो, जरा आत येता का?"

*

दादांना वाटलं, चहा असेल.

वहिनींनी चादरीवर बोट ठेवलं. दादा वाकले. टेपेचं एक टोक उचलून त्यांनी दोन बोटांत चोळलं. सुरुवातीचा भाग मऊ पडला होता, आकडे हातांच्या घामानं पुसट झालेले. याच टेपेनं अप्पांनी त्यांना धरायला शिकवलं होतं, ओढायचं नाही, सोडायचं नाही, नुसतं टेकवायचं. त्यांना बोटांतून जाणवत होतं की काहीतरी मऊ झालंय. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी ते म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

ते पट्टी घेऊन बाहेर गेले. उतरवलेलं जुनं चाक जमिनीवर आडवं होतं. एका भोकाच्या बाहेरच्या कडेला शून्य लावून त्यांनी समोरच्या भोकाची आतली कड वाचली. बरोब्बर दहा सेंटीमीटर. त्यांच्या टेपेनं दोन मिलिमीटर कमी सांगितले होते, आणि बाजारात तेवढ्या कमी मापाचीही चाकं मिळतात, हे त्यांचं दुर्दैव. नसती मिळाली तर हात हलवत परत आले असते, आणि बरं झालं असतं.

बाकीची मापंही पट्टीनं पुन्हा घेऊन मग नट काढायला ते उकिडवे बसले. मनाला लागलं ते निराळंच होतं. मागच्या पंधरवड्यात एका सकाळी, दुकानाच्या काचेतून, त्यांनी धाकटीला पाहिलं होतं. थोरली बंद, जागच्या जागी. शेजारच्या सीटवर टोपलीत बाळ. आणि ही बाई मागे वळून बघत, गिअर टाकून, बंद गाडी उलटी घेण्याचा सराव करत होती. बाळाशी बोलत होती बहुतेक. गाडी इंचभरही हलत नव्हती आणि तिच्या कपाळावर घाम होता. त्या दिवशी दादांनी कटिंग टेबलाचा नाद सोडला, पण ते कुणाला सांगायचं कसं, हे त्यांना सुचलं नाही. म्हणून चाकं.

"का काढतोयस?" अप्पांनी खुर्चीवरून विचारलं.

"माप चुकलं, अप्पा. मीच टेप ढिली धरली."

*

अप्पांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. दिसत नसलं तरी त्यांना ऐकू उत्तम यायचं. मुलाचा आवाज त्यांनी ऐकला, आतून सुनांचं एकदम थांबलेलं बोलणं ऐकलं.

"तू टेप ढिली धरत नाहीस," ते म्हणाले. "मी शिकवलंय. आण इकडे."

टेप कुणी आणेना. मग धाकटीच आली आणि टेप न् पट्टी तिनं त्यांच्या मांडीवर ठेवली. वहिनींनी डोळे मोठे केले, पण तिनं पाहिलंच नाही. अप्पांनी नखानं पट्टीची कड धरली, टेप लावली, आणि अंगठा पुढे पुढे सरकवत नेला. शेवटाला अंगठा थांबला, आणि तिथून टेपेचा आकडा डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी वाचला.

सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. धाकट्याच्या हातात अजून तेच फडकं होतं.

"म्हणजे तो कापडवाला," अप्पा म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

कापडवाल्याचं नाव या घरात घेत नसत. त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून. एकेकाळी दोघं सख्खे दोस्त. थोरली घेतली तेव्हा त्यानंही हट्टानं तीच गाडी, तोच रंग घेतला होता. अप्पा गिऱ्हाइकाला सांगायचे, एवढं कापड आण. कापडवाला तेवढं मोजून द्यायचा. आणि कापताना ते नेहमी बोट-दोन बोटं कमी पडायचं. अप्पांनी आधी हसण्यावारी नेलं, मग बोलले, मग एकदा भर बाजारात त्याला चोर म्हणाले. त्यालाही किती वर्षं झाली. माई गेल्या तेव्हा तो आला होता, पण उंबऱ्याबाहेर उभा राहून गेला.

"त्यानं कापड पुरतंच दिलं होतं," अप्पा म्हणाले. "मी मागतच कमी होतो."

वहिनींना आतून हसू फुटत होतं आणि रडूही. दादा उठून वडिलांजवळ गेले, पण काय करायचं ते न कळून नुसतेच खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

धाकटी म्हणाली, "जाऊ द्या, अप्पा. रविवारचा जुना बाजार एव्हाना उठला असेल, आता कुठे चाकं शोधणार? मी उद्या कळवते. म्हणेन, पुढच्या वेळी बघा." तिनं हे इतक्या सहज म्हटलं, की ते खोटं आहे हे सगळ्यांना कळलं.

तेव्हा धाकट्यानं फडकं खाली टाकलं. जे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं, ते त्यानं बोलून टाकलं. "त्याच्या गोदामामागे थोरलीची जुळी उभी आहे. चाकांसकट."

अप्पांनी हात पुढे केला. "माझे बूट द्या."

*

कापडवाल्याचं शटर अर्धं खाली होतं. अप्पांना वाकून आत जावं लागलं. एका बाजूनं दादांनी धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं धाकटीनं. गल्लीतून येतानाही दोघं असेच आले होते, मध्ये अप्पा. पण रस्त्यात खड्डा आला तेव्हा दादा म्हणाले होते, "डावीकडे घे त्यांना," आणि ते भिंतीला उद्देशून नव्हतं.

कापडवाला गल्ल्यामागे वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि उठला नाही.

अप्पांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. खिशातून टेप काढली, पट्टी काढली, दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली.

"माझी टेप लांबली होती," ते म्हणाले. "तुझा मीटर बरोबर होता."

कापडवाल्यानं पट्टीकडे पाहिलं, आणि तिच्यावर विश्वास नसल्यासारखा मागून आपला लोखंडी मीटर काढला. टेप त्याच्यावर टोकापासून टोकापर्यंत पसरली. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. धाकटीला त्याच्या मानेमागची शीर हलताना दिसत होती. तिला वाटलं, आता हा आम्हाला बाहेर काढणार, आणि ते योग्यच असेल.

"तुला माहीत आहे," शेवटी तो म्हणाला, "इतकी वर्षं मी त्या पलीकडच्या शिंप्याचे सदरे घालतोय. हात वर केला की काखेत धरतात. छत्रीसुद्धा उघडता येत नाही मला. तुझ्या या फितीपायी."

"तू म्हणाला असतास एकदा, की टेप बघ."

"चोरानं म्हणायचं?"

अप्पांची मान खाली गेली. काउंटरवर टेकवलेला त्यांचा हात टेपेची सुरकुती सरळ करत राहिला. कापडवाल्यानं त्या हाताकडे पाहिलं. मग उगाचच वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"उद्या ये," अप्पा म्हणाले. "सदऱ्याचं माप घेतो. नवी टेप आणवतो."

"कशाला? याच टेपेनं घे. कापतानाही हीच धर म्हणजे झालं." तो गल्ल्यामागून बाहेर आला आणि पहिल्यांदाच धाकटीकडे वळला. "ही तुझी धाकटी सून ना? माझ्या नातीच्या बाळाला हिनंच तपासलं होतं, वस्तीवर येऊन. पोरीला दूध येईना तेव्हा हिनं तिला शिकवलं, धीर दिला. अजून नाव काढते." त्यानं तिघांवरून नजर फिरवली. "बोला, काय हवंय? टेप दाखवायला कुणी मुलाला न् सुनेला घेऊन येत नाही."

दादांनी सांगितलं.

*

जुळ्या गाडीवर वेल चढला होता आणि बॉनेटवर मांजर झोपलं होतं. टायर सपाट होऊन जमिनीला चिकटले होते, पण रिमा पत्र्याच्या आडोशाला राहिल्यामुळे कोरड्या. दादांनी आता घाई केली नाही. गाडी तीच असली तरी कंपनीनं दोन्हींत काही फरक केला असेल तर? त्यांनी एक चाक काढलं आणि पट्टीनं सगळं पुन्हा मोजलं. प्रत्येक आकडा ते मोठ्यानं म्हणत आणि धाकटी शेजारी उकिडवी बसून, पट्टीवर नजर ठेवून, "बरोबर" म्हणे. नटांच्या भोकांचं अंतर. मधल्या भोकाची रुंदी. पाठीमागून खोली. चिरा दिसाव्यात म्हणून त्यांनी प्रत्येक भोकाभोवती रॉकेलचं फडकं फिरवलं. तीन आकडे, तीन "बरोबर". एवढं सलग ते दोघं लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोलले नव्हते.

चारही रिमा चांगल्या निघाल्या. टायरवाल्याला घरातून बोलावून आणावं लागलं. कुरकुरत त्यानं दुकान उघडलं, पण चंदेरी चाकांवरचे नवे टायर उतरवून या रिमांवर चढवले. आकार तोच होता. ते माप रबरावरच छापलेलं असतं, त्यामुळे तिथे तरी टेप आड आली नव्हती. त्या रिकाम्या चंदेरी रिमांकडे दादा थोडा वेळ बघत उभे होते. बाजारवाला त्या परत घेणार होता.

"टायर तर तुमचेच आहेत, दादा," धाकटी म्हणाली.

दादांच्या कानांच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

ऊन उतरता उतरता अंगणात चाकं बसवली. रिमा काळ्या, रंग उडालेल्या, शोभेला शून्य. पण धाकट्यानं पहिलं चाक बोल्टांवर धरलं आणि ते आपणहून आत सरकलं. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून वहिनी म्हणाल्या की भावजींनी स्वतःच्या लग्नातही असं तोंड केलं नव्हतं. दादांनी पाना स्वतःकडेच ठेवला होता. "आधी बोटांनी," ते धाकटीला म्हणाले. "शेवटपर्यंत बोटांनी गेला तर नट आपला. पाना नुसता आवळायला." तिनं बोटांनी चारही नट लावले. मग पाना तिच्या हातात आला. एक वरचा, मग समोरचा खालचा, असं आळीपाळीनं तिनं आवळलं, आणि चाकाला फिरकी दिली. कड जागची हलली नाही. काळं चाक नुसतं फिरत राहिलं, एकसारखं, आवाज न करता.

बाळ वहिनींच्या कडेवर होतं. अप्पा कुणालाही न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसले, त्यांच्या शेजारी कापडवाला. तो चाकांबरोबर आला होता तो गेलाच नव्हता. म्हणाला, माझी चाकं कशी चालतात ते बघायला नको? दोघं लगेच भांडायला लागले, खिडकी कुणाच्या बाजूची उघडायची यावरून.

धाकटीनं किल्ली लावली. थोरली दोनदा खोकली आणि चालू झाली. दादा फाटक उघडून खिडकीशी आले, वाकले, आणि काहीतरी मोठं बोलायचं असल्यासारखे घसा साफ करून म्हणाले,

"उद्या किती वाजता निघणार?"

"आठला."

"बाळाला ही बघेल. दुपारी दुकानात झोपेल माझ्याजवळ. मशीनच्या आवाजात पोरं चांगली झोपतात." त्यांनी दारावरची धूळ हातानं पुसली. "आणि आहे तेवढं टेबल पुरतं मला."

तिनं नुसती मान हलवली, दोनदा, आणि क्लच सोडला.

गल्लीच्या टोकाला रस्ता मोकळा होता. सरळ, दुतर्फा झाडं. तिनं वेग घेतला, आणि परीक्षा म्हणून क्षणभर दोन्ही तळवे स्टिअरिंगवरून उचलले. गाडी ना डावीकडे ओढली, ना उजवीकडे. थरथर नाही, हेलकावा नाही.

"स्टिअरिंग धर," मागून अप्पा म्हणाले.

"धरते," ती म्हणाली, आणि तिसरा गिअर टाकला.